अनुभव धागा : चर्चच्या आवारातला झाडं-पाखरं-गप्पांचा दिवस (भुसावळ)

मंडळी, जानेवारीतल्या रविवारी भुसावळात रेल्वे कॉलनीकडच्या जुन्या चर्चने सकाळची उपासना आटोपल्यावर फाटक सगळ्यांसाठी उघडं ठेवलं होतं. झाडं बघा, पाखरं बघा, बसा, बोला, जेवून जा. आपल्यातले बरेच जण गेले होते असं कळलं म्हणून हा धागा. नुसतं "छान झालं" नका लिहू, काय बोलणं झालं, कुठे खटकलं तेही येऊ द्या.

क्वार्टरची पोर
मीच सुरुवात करते. बाबा रेल्वेत गार्ड होते, आमचं क्वार्टर तिथून हाकेच्या अंतरावर, तरी त्या फाटकाच्या आत मी फक्त नाताळची गव्हाणी बघायला गेलेली, तेही पटकन बघून परत. यावेळी आईला घेऊन गेले. आई म्हणे आपण गेलेलं चालतं का गं, म्हटलं चल तर खरी. एक रिटायर्ड सायन्सच्या मॅडम झाडं दाखवत होत्या. तो अवाढव्य विलायती शिरीष आहे ना, तो मुळात अमेरिका खंडातला, त्याची पानं संध्याकाळी आणि आभाळ भरून आलं की मिटतात, हे मला पन्नाशीत कळलं, इतकी वर्षं रोज त्याच्याखालून जाऊन. मॅडमनी वाळलेली शेंग मोडून दाखवली, आत काळपट चिकट गर, गुळासारखा वास, बोटांना असा लागतो की ओढणीला पुसला तरी जात नाही. आई लगेच म्हणाली, आमच्या शेळ्या या शेंगांवर तुटून पडायच्या. मग काय, मॅडम ऐकतायत अन आईच बोलतेय, निंबाचा पाला धान्यात कसा घालायचा, कोणत्या चिंचेखाली झोपायचं नाही. तिकडे खुर्च्यांचा गोल करून ‘संवाद’ ठेवलेला, बोर्डावर विषय लिहिलेला, तिथे मात्र सगळे एकमेकांची तोंडं बघत बसलेले!

केयीवाला, रावेर
मले भाचीनं नेलं. म्हने मामा, केयीवर (केळीवर) दोन शब्द बोला. म्हटलं निसर्गाच्या दिवशी केयीवाल्याले बोलावता म्हणजे शिव्या खायलेच बोलावता. तसंच झालं. कॉलेजचं एक पोरगं, काका तुम्ही पाणी किती उपसता? आता ठिबक आमच्याकडे आहेच, पण बोअर दरसाल खोल चालले हेबी खरं, लपवू कायले. घडाले प्लास्टिकची पिशवी घालतो, ती नंतर बांधावर जयते, तेबी मीच सांगितलं. पोरगं म्हने मग घालता कशाले? म्हटलं डाग पडला की व्यापारी भाव पाडतो, तू डागाची केयी घेशील का दुकानातून? तो म्हने नाही घेणार. दोघंबी हसलो. पण त्यानं पाण्याचं सोडलं नाही, म्हने सातपुड्यातून सुकी, भोकर भरून येतात अन सरळ तापीत जातात, मधल्या मधी जिरवता का नाही? याच्यावर माह्याजवय उत्तर नव्हतं, चहा दोनदा झाला तरी आम्ही तिथंच.

पंच कमिटीतली एक
आमच्या, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या कमिटीच्या, बाजूनं सांगते. हे ठरवायला मीटिंगमध्ये बरीच खडाजंगी झाली. बऱ्याच चर्चमध्ये १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर सृष्टीसाठी प्रार्थनेचा काळ पाळतात, ४ ऑक्टोबर म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसचा दिवस, पण आपल्याकडे तेव्हा आधी चिखल मग ऑक्टोबर हीट, म्हणून जानेवारी. खरी भीती वेगळीच होती, लोक काय म्हणतील, बाटवायला बोलावतात म्हणतील. शेवटी ठरलं, उपदेश नाही, पत्रकं वाटायची नाहीत, सुरुवातीला बायबलमधलं १०४वं स्तोत्र वाचायचं, रानगाढवं झऱ्यावर तहान भागवतात, पाखरं फांद्यांतून गातात ते, बास. आमच्या एका आजोबांनी बालकवींची कविता पाठ म्हटली. धरणगावचे बालकवी नगरला ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या घरी राहिलेले, अन १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले, वय अवघं २७. भादली म्हणजे आपल्याच लाइनीवरचं, त्यामुळे रिटायर्ड ड्रायव्हर मंडळी एकदम सावरून बसली.

पाखरूवेडा
हतनूर धरणावर हिवाळ्यात चक्रवाक, पट्टकदंब ही पाहुणी पाखरं बघायला आपण जातो, पण गावातलं कोण बघतं? आवारात निंबाच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी निघाली, दिवसाढवळ्या मान वाकडी करून पोरांकडे बघत होती. खरा वाद मात्र मनोऱ्याखालच्या आग्या मोहोळावर झाला. कमिटीतल्या काहींना ते जाळून काढायचं होतं, संडे स्कूलची लेकरं खालीच खेळतात, भीती खोटी नाही. मी सांगितलं की आग्या माश्या हंगाम पाहून जागा बदलतात, दगड मारू नका, खाली धूर करू नका, आपण होऊन जातील. एक ताई म्हणाल्या, तुमचं लेकरू खेळतं का तिथे? बरोबर आहे त्यांचं. सध्या दोरी बांधून तेवढी जागा बंद केलीय आणि जाळणं पुढे ढकललंय. पटलं असं नाही, पण कोणी उठून गेलंही नाही.

स्पष्टच लिहितो
चांगलं चालू असताना एका पुढाऱ्यांचं भाषण कशाला हवं होतं? माइक कोंय कोंय करतोय, साहेब हरित भुसावळवर बोलतायत, मग एकाच रोपाला दहा हात लावून फोटो. अन निसर्गाच्या नावाने कार्यक्रम, मागे भरीताचा एवढा धूर, तोही मोहोळापासून हाकेवर!

भरीतवाली
@स्पष्टच, धुराशिवाय भरीत होतं का भो? गॅसवर भाजलेलं तुम्हीच खाल्लं नसतं. वारा उलटा होता अन चूल पार मागच्या भिंतीशी होती. हिरवी पांढरट मोठी वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजली, साल काढायला बसलो तर तमिळ आंटी, गोव्याकडच्या एक आजी, पास्टरसाहेबांच्या मिसेस अन मी, बोटं पोळतायत अन तोंडं चालू. आंटींच्या सासऱ्यांनी कोळशाच्या इंजिनावर काढलेले दिवस, आजींच्या गावची नदी, कोणाच्या सुनेचं काय. लाकडी बडगीत ठेचताना मिरची-लसणाच्या वासाने सगळे शिंकत होते. गोलातली माणसं एकेक करून इकडेच आली, मग त्यांनाही कांद्याची पात निवडायला दिली.

नवापूरकर
मी मावची आदिवासी, नोकरीमुळे इकडे. आमच्याकडे गावची उपासना कधी कधी महुआच्या झाडाखालीच होते, त्यामुळे वेगळा निसर्ग दिन बघून आधी हसू आलं. पण शहरातल्या मंडळीने मोहफुलाबद्दल विचारलं तेव्हा दारूच्या पुढे विचारलं, भाकरीत घालता का, वाळवता कसं, हे मला आवडलं. पुढच्या वेळी वाळलेली फुलं आणतो.

भरीतवाली
आणाच. अन ती बडगी माझ्या जावेची आहे, कोणाच्या रिक्षात गेली असेल तर कळवा, जाऊ रोज विचारतेय.