गिलोटिनला मराठीत काय म्हणता?

शाईडाग: संसदेच्या कामकाजावरची एक छोटी पुस्तिका मराठीत करतेय, स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी. एका वाक्यापाशी गाडी अडलीय. 23 मार्च 2023 ला लोकसभेने सुमारे 45 लाख कोटींच्या खर्चाला काही मिनिटांत संमती दिली, एकाही मंत्रालयाच्या मागण्यांवर चर्चा न होता. याला तिथे गिलोटिन म्हणतात, फ्रान्समधल्या शिरच्छेदाच्या यंत्रावरून. मी तोच शब्द ठेवला होता, संपादकांनी तो खोडून 'मुस्कटदाबी' केलं. मी म्हटलं, हा आरोप झाला, संज्ञा नव्हे. ते म्हणाले, मग मराठी संज्ञा आण. कुठून आणू?

उकारान्त: चर्चाच्छेद. शिरच्छेदावरून. अर्थ, प्रतिमा, संस्कृत, सगळं जमतं.

चौथी सीट: आणि उच्चार करताना जीभही छेदते.

कोषागारी: आधी गिलोटिन म्हणजे काय ते नीट लिहा, शब्द मग. अर्थसंकल्पात प्रत्येक मंत्रालयाची 'अनुदानाची मागणी' असते, म्हणजे त्याच्या खर्चाला सभागृहाची संमती मागायची. सगळ्यांवर चर्चा करायला वेळ नसतो, म्हणून चार-पाच मंत्रालयं निवडतात आणि कामकाज सल्लागार समिती शेवटचा दिवस ठरवते. त्या दिवशी ठरल्या वेळेला अध्यक्ष उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकतात. हे दरवर्षी होतं. त्यात मुस्कटदाबी काही नाही, घड्याळ आहे. मुस्कटदाबी म्हणायचीच तर 'उरलेल्या' या शब्दात 'सगळ्या' आल्या तर म्हणा, जसं 2023 ला झालं.

चौथी सीट: त्या वर्षी तर कुणी कुणाचं मुस्कट दाबलं हाच प्रश्न आहे. विरोधक अदानी प्रकरणी संयुक्त संसदीय समिती मागत होते, आणि राहुल गांधींनी लंडनच्या भाषणाबद्दल माफी मागावी म्हणून सत्ताधारी बाकांवरूनही घोषणा चालू होत्या. दोघांनी मिळून सभागृह बंद पाडलं आणि पेपरांनी आपापल्या रंगाप्रमाणे मथळे दिले. एकाचं 'विरोधकांच्या गदारोळात मंजूर', दुसऱ्याचं 'चर्चेविना मंजूर'.

पळसगावचा: भाऊ, 2018 लाही हेच झालं होतं, तेव्हा सरकारला कुणी विचारलं नाही.

चौथी सीट: आणि 2004-05 ला? 2013-14 ला? तेव्हा काँग्रेस आघाडीचं सरकार होतं, तरी एकाही मागणीवर चर्चा झाली नव्हती. सोयीची वर्षं मोजू नका.

पळसगावचा: मी कोणाच्या बाजूने नाही. फक्त म्हणतो की तेव्हा तुम्ही 'मुस्कटदाबी' म्हटलं असतंत.

शाईडाग: माझ्या पुस्तिकेत कुणाचंच सरकार नको आहे. शब्द हवाय.

बाइंडर: आमच्या प्रेसमध्ये कागदाची थप्पी कापायचं यंत्र असतं, त्याचंही इंग्रजी नाव गिलोटिनच. आम्ही मात्र 'कटिंग' म्हणतो. "थप्पी कटिंगला लाव." एक पान वाचायची गरज नाही, पाचशे पानं एका दाबात. संसदेत होतं ते याच्या जास्त जवळ वाटतं, शिरच्छेदाच्या नाही.

शाईडाग: ही उपमा मी चोरणार आहे.

टिपणवही: एकगठ्ठा मंजुरी. 'एकगठ्ठा मतदान' सगळ्यांना कळतं, त्याच तालात हेही कळेल. संस्कृतही नको, फ्रेंचही नको.

उकारान्त: एकगठ्ठा हा बाजारू शब्द आहे. उद्या लेखानुदानाला 'उचल' म्हणाल.

टिपणवही: म्हणेन की. ऊसतोड मजूर हंगामाआधी मुकादमाकडून घेतो ती उचल, आणि सरकार पूर्ण अर्थसंकल्प मंजूर व्हायच्या आत पहिल्या महिन्यांच्या खर्चासाठी सभागृहाकडून घेतं तीही उचलच. माझ्या आईला लेखानुदान दोनदा समजावलं, कळलं नाही. उचल म्हटल्यावर म्हणाली, "मग व्याज कोण भरतं?"

कोषागारी: उचल बरी आहे हो, पण घोटाळा 'अनुदान' या शब्दात जास्त आहे. अनुदानाच्या मागण्या म्हटलं की आमच्या गावात लोकांना वाटतं शाळेचं अनुदान, ठिबकचं अनुदान. गृह खात्याने अनुदान मागितलं म्हणजे पोलिसांना सवलत मिळाली का, असं एका सरपंचांनी मला विचारलं होतं. आणि आमच्या राज्याच्या पुस्तकांत प्रत्येक मागणीखाली 'दत्तमत' आणि 'भारित' असे दोन खर्च असतात. भारितावर मतदान नाही: कर्जावरचं व्याज, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार वगैरे. ज्यावर मत घेतात ते दत्तमत. नोकरीत नवीन होतो तेव्हा मला हे दत्तसंप्रदायाचं काहीतरी खातं वाटलं. गाणगापूरला निधी जात असेल म्हणून मी गप्प बसलो.

चौथी सीट: हसून पुरेवाट. पण एक सांगा, कपात सूचनेत शंभर रुपये कापतात ते खरं का? माझा भाचा मानायला तयार नाही.

कोषागारी: खरं. लाक्षणिक कपातीत मागणी शंभर रुपयांनी कमी करा म्हणायचं, म्हणजे अमुक एका तक्रारीवर बोलायला जागा होते. धोरणच मान्य नसेल तर मागणी एक रुपयावर आणा असा प्रस्ताव. या दोन्हींत पैसे वाचवायचे नसतात. पण एक जरी कपात सूचना मंजूर झाली तर सरकारवर अविश्वास दाखवल्यासारखं होतं, म्हणून प्रतोद, म्हणजे पक्षाच्या सदस्यांना मतदानाला हजर ठेवणारे, सगळ्यांना खेचून आणतात. 2010 च्या एप्रिलमध्ये इंधनाच्या दरांवरून भाजपची कपात सूचना 201 विरुद्ध 289 अशी पडली, बसपने सरकारला हात दिला होता.

उकारान्त: प्रतोद! पाहा, हा शुद्ध संस्कृत शब्द खपला ना? प्रतोद म्हणजे चाबूक, बैलाला टोचायची पराणी. हिंदीवाले 'सचेतक' म्हणतात, म्हणजे जागं करणारा. आपला जास्त खरा आहे.

टिपणवही: खपला, कारण 2022-23 ला शिवसेनेचा खरा प्रतोद कोण यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलं आणि महिनोन्‌महिने टीव्हीवर तोच शब्द होता. शब्द भांडणाने रुजतात, व्युत्पत्तीने नाही.

पळसगावचा: सभात्याग, गदारोळ, प्रतोद एवढं ठीक. पण 'हौद्यात उतरले' हे काय आहे? नागपूरला अधिवेशन चालू असलं की रोज पेपरात असतं: विरोधक अध्यक्षांसमोरच्या हौद्यात उतरले. हत्तीवर बसले काय?

कोषागारी: ते इंग्रजी 'वेल'चं भाषांतर. अध्यक्षांच्या आसनासमोरची मोकळी जागा, जिथे सरचिटणीसांचं टेबल असतं आणि कामकाज टिपून घेणारे बसतात.

चौथी सीट: 'वेलमध्ये धावले' वाचून आमची मुलगी विचारायची, कोणत्या वेलीमध्ये. मला हौदा पटतो.

उकारान्त: हौदा चुकीचा. शब्द हौद आहे, पाण्याचा. हौद, हौदात. 'हौद्यात' झालं की मूळ शब्द हौदा होतो, तो हत्तीवरचा. छत असलं तर अंबारी, नसलं तर हौदा. दोन्ही अरबीतून आले असले तरी मुळं वेगळी: एक हौज, दुसरं हौदज. बातमीदारांनी विभक्ती बिघडवली आणि आता खासदार हत्तीवर चढताहेत.

तांबडीमाती: ओ सर, जरा थांबा. कोल्हापुरात तालमीत मातीचा जो चौकोन असतो त्याला हौदाच म्हणत्यात. त्यात ताक, हळद, तेल घालून माती मळतात. 'हौद्यात उतरला' म्हणजे कुस्ती लढायला उतरला. आमच्या तालमीतला एकही पैलवान हौदात उतरत नाही, हौदात म्हशी उतरतात. बातमीदारांनी काही बिघडवलं नाही, त्यांना कुस्ती दिसली म्हणून कुस्तीचा शब्द वापरला.

टिपणवही: वा. ट्रकचाही हौदाच असतो. म्हणजे हौदा म्हणजे कडेनं उंच, मध्ये मोकळा खोलगट भाग. अध्यक्षांसमोरची जागा अगदी तशीच.

उकारान्त: तालमीत चूक रूढ झाली म्हणून ती चूक राहत नाही का?

तांबडीमाती: तालमीत कोण चुकतं ते हौद्यात येऊन सांगा. 🙏

चौथी सीट: लोकसभेच्या 374अ नियमाप्रमाणे हौद्यात येऊन कामकाज बंद पाडलं आणि अध्यक्षांनी नाव घेतलं की खासदार आपोआप निलंबित होतो, पाच बैठकांसाठी किंवा उरलेल्या अधिवेशनासाठी, जे कमी असेल ते. 2001 ला आणला हा नियम. तालमीत असा नियम आहे का?

तांबडीमाती: तालमीत वस्ताद आहेत.

उकारान्त: माझा मुद्दा कुणी खोडलेला नाही. हौद पुल्लिंगी अकारान्त. कोशात बघा.

बाइंडर: कोशात बघायचं तर माझ्याकडे 'हौद' आणि 'हौदा' दोन्हींसमोर पेनाने खुणा केलेला जुना कोश आहे, आजोबांचा. खुणा का केल्यात ते त्यांनाच ठाऊक. उद्या फोटो टाकतो.

शाईडाग: मंडळी, मजकूर उद्या दुपारी प्रेसला जातोय. मी "उरलेल्या मागण्यांची एकगठ्ठा मंजुरी" असं लिहून पुढे एकदाच 'गिलोटिन' ठेवते, आणि कटिंगच्या थप्पीची उपमा बाइंडर यांच्या परवानगीने. संपादकांनी परत 'मुस्कटदाबी' केलं तर मी काय करू?

कोषागारी: पहिल्या पानावर सरकार कुणाचं होतं ते बघा, मग कळेल ते का करताहेत.

तांबडीमाती: फोटो टाका हो बाइंडर. 'हौदा'समोरची खूण मोठी असणार, पैज.