मदत हवी आहे: दिवा लावूनही अंडी निम्म्याखाली

ओढ्याकाठ:
नमस्कार मंडळी. सातारा तालुका, अर्धी भिंत आणि वर जाळी अशी १० बाय १६ फुटांची शेड. ४० कोंबड्या, आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) क्रॉस, वय १६ महिने. सप्टेंबरअखेर रोज २६-२८ अंडी होती, आता नोव्हेंबर संपताना ९ ते ११. लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं भरडलेलं खाद्य) रोज साडेचार किलो, तोच. जंताचं औषध ऑक्टोबरात झालंय. दिवस लहान झाला की अंडी घटतात, म्हणून ९ वॅटचा पांढरा एलईडी चकतीच्या टायमरवर, संध्याकाळी ५ ते रात्री ९. गेल्या आठवड्यात रात्री बाराला तो चालू दिसला. सकाळी दहा-बारा कोंबड्या दांडीवर न चढता तुसातच बसलेल्या असतात. पिसं पडतायत. थंडीमुळे गोणपाटाचे पडदे रात्री सोडतो, सकाळी नऊला वर घेतो. शेजारच्या कप्प्यात १४ आठवड्यांच्या १५ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या माद्या) आहेत. दिव्याचे तास वाढवू का?

भल्या_पहाटे:
तास वाढवू नका, आधी टायमर बघा. चकतीचा टायमर विजेवर फिरतो. लाईट दोन तास गेली की तोही दोन तास थांबतो आणि तेवढाच मागे राहतो. बाराला दिवा चालू, म्हणजे तो किमान तीन तास मागे आहे. तुमच्याकडे आता सहाच्या सुमारास मावळतं. कोंबड्या अंधारात बसतात, आठ-नऊला अचानक उजेड, मध्यरात्रीनंतर अचानक काळोख. दिवा विझला की त्यांना दांडी दिसत नाही, म्हणून तुसात बसतात.

दुसरी गळती पडद्यांची. सूर्य सातच्या आत उगवतो, तुम्ही नऊला पडदा काढता. दोन तासांचा फुकटचा उजेड गेला. दिवसाउजेडी पडदा वर हवाच, आणि रात्रीही वरचा फूटभर भाग उघडा ठेवा, नाहीतर तुसातला अमोनिया कोंडतो.

यापुढे दिवा पहाटे लावा. मावळतीला उजेड हळूहळू कमी होतो, त्यात सगळ्या आपोआप दांडीवर चढतात. बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या. बल्ब पिवळसर, वॉर्म व्हाइट. हा उजेड कवटीतून मेंदूपर्यंत जास्त पोचतो. कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर वर्तमानपत्र वाचता आलं की पुरे, तुमच्या शेडला ९ वॅटचा एक बास. दिवा लागण्याआधी पाणी आणि खाद्य भरलेलं हवं. उपाशी कोंबड्या उजेडात एकमेकींची पिसं ओढतात. बाहेरचं दार मात्र उजाडल्यावरच उघडा, रानमांजर पहाटे फिरतं.

तूस_आणि_चुना:
वरचं सगळं बरोबर, पण दिवा उद्यापासून नको. १६ महिन्यांच्या माद्या पीस टाकायला बसल्या असतील तर उजेड देऊन त्यांना ओढू नये, त्यांना ही विश्रांती लागते. रात्री दांडीवरून एकेक उचलून बघा. मानेवर आणि पंखात पिनांसारखे कोवळे खुंट आहेत का? तुरा फिका, आक्रसलेला? विष्ठाद्वाराच्या दोन बाजूंच्या टोकदार हाडांमध्ये दोन बोटं बसली तर ती अंड्यावर आहे; एकच बोट बसलं तर बंद.

तलंगांसाठीही हेच बरं. १४ व्या आठवड्यात वाढता उजेड मिळाला तर त्या अंग भरण्याआधी अंड्यावर येतात. अंडी बारीक निघतात, अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो. कप्प्यांमधली जाळी उजेड अडवत नाही.

ओढ्याकाठ:
काल रात्री बघितलं. ४० पैकी २९ ना खुंट आहेत आणि हाडं एका बोटाची. ९ जणी दोन बोटांच्या. दोन खुडूक (उबवायला बसलेल्या), पेटीतच बसून.

तूस_आणि_चुना:
मग निर्णय सोपा आहे. दिवा पूर्ण बंद. खाद्य १८ टक्के प्रथिनांपर्यंत न्या: सव्वाचार किलो मॅशमध्ये २५० ग्रॅम सोयापेंड, नीट कालवून. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात, अंड्यावरच्या नऊ जणी लागेल तसा खातील. पीस पूर्ण यायला दोन ते तीन महिने लागतात. या काळात हाताळू नका, कोवळे खुंट दुखतात आणि रक्त येतं. खुडूक दोघींना तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात चार दिवस ठेवा, दाणापाणी चालू.

भल्या_पहाटे:
मान्य. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात त्या २९ जणींचे खुंट परत तपासा. बहुतेकींची पिसं भरली असतील तर पहाटे साडेसहाला दिवा लावा, उजाडलं की बंद. दर आठवड्याला अर्धा तास अलीकडे: ६, साडेपाच, ५, साडेचार. मार्चच्या सुरुवातीला मावळत पावणेसातच्या आसपास असते, म्हणजे अंड्यासाठी लागणारा १४ तासांचा उजेड झाला. जानेवारीअखेर तलंगाही २२-२३ आठवड्यांच्या होतील, त्यांनाही चालेल. परिणाम दोन-तीन आठवड्यांनी दिसतो, तोवर मधेच तास बदलू नका.

जूनमध्ये दिवा ५ वाजता लावला तरी पुरतं. जुलैपासून मावळत जेवढी अलीकडे येईल तेवढा दिवा अलीकडे घ्या, पंधरा-पंधरा मिनिटांनी. अंड्यावरच्या कोंबडीचा उजेड कमी होता कामा नये. पावसाळी ढगात दुपारीही शेड अंधारी असेल तर दिवसा दिवा लावायला हरकत नाही.