मदत हवी आहे: धावताना केस कसे बांधायचे?

परभणीत पोलीस भरतीची तयारी करतोय, मी आणि माझी धाकटी बहीण. रोज पहाटे पाचला मैदान: ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. माझे केस खांद्यापर्यंत, पातळ आणि सुळसुळीत. तिचे कमरेपर्यंत, दाट.

माझी पोनी दुसऱ्या फेरीपर्यंत सैल होते आणि पुढच्या बटा घामानं डोळ्यात येतात. हेअरबँड लावून पाहिला, मागं सरकतो. टिकटॉक पिना तर मैदानातच हरवतात (आतापर्यंत अख्खं पाकीट गेलं असेल). बहिणीची एक वेणी पाठीवर आपटते, अंबाडा घातला तर उठाबशा ठीक, पण सिटअप्सला डोकं टेकवता येत नाही. गोळा मानेशी धरताना तर तिचे मोकळे केस हमखास गोळ्याखाली अडकतात, मग फेकताना चांगलाच हिसका बसतो.

केस कापायचे नाहीत. पाणी आठवड्यातून एकदाच येतं, त्यामुळं रोज धुणंही जमत नाही, जेल-स्प्रे नको. वेळ दोघींना मिळून दहा मिनिटं, आरसा नाही.

दोन वेण्या घालून मानेच्या वर गुंडाळल्या तर टिकतात का? आणि माझ्या लांबीला पुढच्या बटा कशा बसवायच्या?