जुन्या मार्कांवरून स्टॅट्सचा निकाल आधीच सांगता येतो का?

खडूफळा:
पहिल्या वर्षाला स्टॅट्स, म्हणजे संख्याशास्त्र, शिकवतो, विषय सक्तीचा. दरवर्षी तेच होतं, दोन महिने सगळे माना डोलावतात आणि परीक्षा झाली की कळतं कोण बुडालंय, तेव्हा सत्र संपलेलं असतं. माझं म्हणणं असं की शाळेतले गणिताचे मार्क आणि एकूण टक्केवारी ॲडमिशनच्या कागदांवर असतेच, ती बघून पहिल्याच आठवड्यात खालची २५ टक्के मुलं काढावीत आणि त्यांना जादा तास सक्तीचे करावेत. आधीचे मार्क हा पुढच्या मार्कांचा चांगला अंदाज देतो हे पुन्हा पुन्हा दिसलंय. माहिती हातात असताना नापास व्हायची वाट बघत बसणं मला पटत नाही.

तिसरा बाक:
सर, मला राग आला हे आधीच सांगते, कारण मी त्याच खालच्या २५ टक्क्यांतली. आमच्या कॉलेजात पहिल्या तासाला गणितात कमी मार्क असलेल्यांना हात वर करायला लावले आणि पुढच्या बाकांवर आणून बसवलं. हेतू मदतीचाच होता, पण त्यानंतर सत्र संपेपर्यंत मी एक प्रश्न विचारला नाही, कारण विचारला की सगळ्यांना वाटणार हिला कुठे काय येतंय. विषय कळला तो पुढे सर्व्हेचं प्रोजेक्ट हातात आल्यावर, आणि आता रोज आकड्यांचंच काम करते. जुने मार्क माझ्याबद्दल काय सांगत होते? आकडेमोड करताना हात थरथरतो, एवढंच, डोकं चालत नाही असं नाही.

विदाशोधक:
भावना बाजूला ठेवून हिशेब करू. समजा शाळेतले मार्क आणि स्टॅट्सचे मार्क यांचं कोरिलेशन, म्हणजे दोन्ही किती जुळून चालतात त्याचा आकडा (० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे तंतोतंत), ०.५ आहे, अशा बाबतीत चांगलंच म्हणायचं. त्याचा वर्ग ०.२५, म्हणजे मार्कांमधल्या फरकाचा पाव भाग समजला, पाऊण भाग अजून अंधारात. वर्गातल्या मुलांच्या मार्कांचं स्टॅण्डर्ड डेव्हिएशन, म्हणजे सरासरीपासून मार्क साधारण किती दूर पसरतात ते, १५ मार्क असेल तर जुने मार्क कळल्यावरही तुमचा अंदाज साधारण १३ मार्कांनी इकडेतिकडे होणार. १५ चे १३, एवढीच कमाई. आणि १०० मुलांतली खालची २५ काढलीत तर, वितरण घंटाकार धरून (बहुतेक मुलं मध्यावर, टोकांना थोडी), त्यातली जेमतेम १२ स्टॅट्समध्ये खरंच खालच्या २५ मध्ये येतात. उरलेल्या १३ जणांना तुम्ही उगाच बसवलंत, आणि ज्या १३ जणांना गरज होती ते यादीतच नाहीत.

खडूफळा:
हिशेब मान्य. पण डोळे मिटून २५ मुलं उचलली असती तर ६ सापडली असती, इथे १२ सापडतात, म्हणजे दुप्पट. आणि दुसरं, आपण फक्त ॲडमिशन मिळालेल्यांचे मार्क बघतो. ज्यांचे फारच कमी होते ते वर्गात आलेच नाहीत, त्यामुळे जुन्या मार्कांचा पसारा आकसतो आणि कोरिलेशन आहे त्यापेक्षा लहान दिसतं.

रानवारा:
सरांच्या बाजूने एक. यादी नको म्हणणारे शेवटी म्हणतात शिक्षकाला बघून कळतं. नाही कळत हो. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ सार्बिन यांनी १९४३ साली हेच तपासलं होतं, एका बाजूला शाळेतला क्रमांक आणि एका चाचणीचे गुण एवढ्या दोन आकड्यांचं सूत्र, दुसऱ्या बाजूला मुलांशी बोलून, कागद वाचून अंदाज बांधणारे समुपदेशक. समुपदेशक सूत्राच्या पुढे गेले नाहीत. शिवाय सूत्राला कोणाचे कपडे, बोलणं, आडनाव दिसत नाही.

तिसरा बाक:
दिसत नाही कसं? २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडमुळे परीक्षा रद्द झाल्या आणि सूत्राने ग्रेड दिल्या, त्यात त्या शाळेचे आधीच्या वर्षांचे निकाल धरले होते. जवळपास ३९ टक्के ग्रेड शिक्षकांच्या अंदाजापेक्षा खाली आल्या, पोरं रस्त्यावर उतरली आणि १३ ऑगस्टला लागलेला निकाल १७ ऑगस्टला मागे घ्यावा लागला. शाळा कुठली तेच पुरलं.

अर्धविराम:
मी पेपर तपासते, तर दोन उत्तरपत्रिका सांगते. एकीत सगळी आकडेमोड सुबक, चार दशांश स्थळांपर्यंत, आणि शेवटी कोरिलेशन आलंय १.४, त्याखाली दुहेरी रेघ मारून उत्तर म्हणून चौकट. दुसरीत खाडाखोड, वर्गमूळ चुकलेलं, तिचंही कोरिलेशन १ च्या वर गेलेलं, पण खाली पेन्सिलीने लिहिलंय, 'हे १ पेक्षा जास्त येऊच शकत नाही, चूक कुठे झाली ते सापडत नाही, वेळ संपली.' मार्क देताना पहिलीला जास्त द्यावे लागले, पद्धतीला मार्क असतात म्हणून. पण स्टॅट्स कोणाला येतंय? खडूफळा, तुम्ही जुने मार्क घेऊन नवे मार्क ओळखता, आणि आपले नवे मार्कही आकडेमोडच मोजत असतील तर दोन्ही जुळणारच ना. मग तो विषयाचा अंदाज कसला, तो आपल्या पेपरचा अंदाज झाला.

खडूफळा:
हे मात्र लागलं. आमच्या पेपरातही बहुतेक मार्क आकडेमोडीलाच आहेत.

विदाशोधक:
आणखी एक, जादा तास लावलेत तरी एक सापळा आहे. सगळ्यात खालची मुलं निवडली की पुढच्या वेळी त्यांची सरासरी थोडी वर येतेच, कोणी काही न करताही, इंग्रज संशोधक गॅल्टनने १८८६ मध्ये आईबाप आणि मुलांच्या उंचीवरून दाखवलं तेच. तुम्हाला वाटेल तास कामाला आले. त्यामुळे यादीच्या रेषेच्या जरा वरची, तास न मिळालेली मुलंही तुलनेसाठी सोबत बघत जा.

माझं मत, तिसऱ्या आठवड्यात २० मिनिटांची छोटी चाचणी घ्या, गणित कमी आणि अर्थ जास्त. हा आलेख काय सांगतो, या नमुन्यावरून काय म्हणता येणार नाही, असे प्रश्न. निदान मोजाल ते स्टॅट्स तरी असेल.

तिसरा बाक:
हे चालेल. आणि तास सगळ्यांना खुले ठेवा.

रानवारा:
ताई, खुले ठेवले की कोण येतं माहितीये? पहिल्या बाकावरची. ज्याला गरज आहे तो लाजेने येत नाही, तुम्हीच वर म्हणालात की प्रश्न विचारला नाही म्हणून. सक्ती नको म्हणता तर त्याला आणणार कसं?

तिसरा बाक:
नावाने बोलवायचं, पण एकट्याला. तास संपल्यावर जिन्यात गाठून, 'शुक्रवारी ये, तुझा चौथा प्रश्न बघू' एवढं जरी कोणी म्हणालं असतं तरी मी गेले असते.

खडूफळा:
ठरलं, यंदा चाचणी आणि जुने मार्क दोन्ही धरून नावं काढतो, यादी माझ्याच वहीत राहील. रेषेच्या जरा वरच्या दहाबारा जणांचेही मार्क टिपून ठेवतो. पण जुने मार्क मी सोडणार नाही, तिसरा आठवडा उजाडेपर्यंत ज्याचा धागा तुटलाय तो मला पहिल्याच आठवड्यात गाठायचाय.