मदत हवी आहे: 'रिझिकी'ला इंग्रजीत काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी. मी टांझानियात दार-ए-सलामला एका खासगी विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवतो. एम.ए.च्या एका विद्यार्थिनीसाठी सल्ला हवाय.

तिनं इथल्या कारियाको बाजारातल्या भाजीवाल्यांच्या मुलाखती घेतल्या, अर्थातच इथल्या भाषेत, स्वाहिलीत. एक बाई म्हणते, 'नाताफुता रिझिकी'. रिझिकी म्हणजे वरच्यानं नेमून दिलेलं पोटापाण्याचं. ते शोधायला मी इथं बसते, असं त्या बाईचं म्हणणं. प्रबंधात त्याचं झालं 'इन्कम'! मी टोकलं तर विद्यार्थिनी म्हणाली, "सर, मग परीक्षकांना काय लिहू?" परीक्षकांनी मुलाखतींबद्दल अवाक्षर काढलं नाही. शेरा एकच: इंग्रजी सुधारा.

इथं सरकारी प्राथमिक शाळा १९६७ पासून स्वाहिलीत. माध्यमिकला गेलं की एकदम सगळं इंग्रजी. माध्यमिकही स्वाहिलीत करा, असं १९८२ साली राष्ट्राध्यक्षांच्या आयोगानं सुचवलं होतं, ते बारगळलं. मराठी शाळेतून थेट अकरावी सायन्सला गेलेल्यांना जास्त सांगायला नको. वर्गात मी इंग्रजीत प्रश्न टाकला की सगळ्यांची डोकी वहीत. तोच माझ्या मोडक्या स्वाहिलीत विचारला की मागच्या बाकापर्यंत वाद पेटतो.

तिला पुढे प्राध्यापकी करायचीय, आणि त्यासाठी इंग्रजीत छापून यावं लागतं. दार-ए-सलाम विद्यापीठाचं 'किस्वाहिली' हे नियतकालिक आहे, पण ते भाषा-साहित्याचं. भाजीबाजाराचं अर्थकारण तिथे कोण घेणार?

तुमच्यापैकी कुणी मराठी मुलाखतींवर इंग्रजीत प्रबंध लिहिलाय का? असे शब्द कसे नेलेत? 'नेटिव्ह स्पीकरला दाखवा' हा सल्ला कृपया नको, तो मिळालाय. भाषा तपासून देणाऱ्यांचे दरही तिला झेपणारे नाहीत.

प्रतिसाद १
माझी पीएच.डी. ऊसतोडीवर. 'कोयता' तसाच ठेवला. पहिल्यांदा आला तिथे दोन ओळींत सांगितलं: नवरा-बायकोची जोडी, पण मुकादमाच्या हिशेबात एकच नग. 'कपल' लिहिलं असतं तर हा हिशेबच गेला असता. मार्गदर्शक कुरकुरले, पण तोंडी परीक्षेत अर्धा तास त्याच शब्दावर गेला. मूळ मराठी वाक्यं परिशिष्टात जोडली होती. तुमच्या विद्यार्थिनीला रिझिकी शीर्षकातच घालू दे की.

धागाकर्ता
शीर्षकात! हे डोक्यातच आलं नव्हतं. सोमवारी भेटणार आहे ती, तेव्हा बोलतो. परिशिष्टाला शब्दमर्यादा लागते का, तेवढं सांगाल?