मिश्र पद्धतीने जपानी शिकताना: आपले अनुभव लिहा

विद्यापीठात जपानी शिकताना ज्यांचा निम्मा अभ्यास घरी चित्रफितींवर आणि निम्मा प्रत्यक्ष वर्गात झाला, त्यांनी आपले मन कशात रमले आणि कशातून उडाले, हे येथे लिहावे.

•

हिरागाना आणि काताकाना या दोन जपानी लिपींची प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे मी मोबाइलवरच्या सरावातून ओळखू लागलो होतो आणि त्याचा मला अभिमानही वाटत होता. वर्गात सेन्सेईंनी, म्हणजे शिक्षकांनी, श्रुतलेखन घातले, तेव्हा काताकानातील ‘शि’ आणि ‘त्सु’ यांतला फरक माझ्या हाताला ठाऊकच नसल्याचे उघड झाले.

•

आमच्या वर्गात सुरुवातीला चित्रफीत कोणीच पाहून येत नसे, कारण सेन्सेई तेच व्याकरण पुन्हा समजावत. पुढे त्यांनी ते बंद केले. मोजणीच्या पाठाला त्या मूठभर पेन्सिली घेऊन आल्या आणि प्रत्येकीसमोर काही धरून ‘किती?’ एवढेच विचारत गेल्या. लांबट वस्तू मोजताना एक म्हणजे ‘इप्पोन’, दोन म्हणजे ‘निहोन’ आणि तीन म्हणजे ‘साम्बोन’, असा एकाच शब्दाचा उच्चार अंकागणिक बदलतो. चित्रफीत दुप्पट वेगाने पळवून आलेल्या मला तीन पेन्सिलींपुढे शब्द फुटेना. त्या दिवसापासून मी चित्रफीत थांबवत, प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणत पाहू लागले. (घरचे हसत, ती गोष्ट वेगळी.)

•

वाक्याच्या शेवटी येणारे क्रियापद आपल्याला नवे नाही आणि ‘त्सु’चा उच्चार ‘चमचा’तल्या ‘च’ला जवळचा आहे, त्यामुळे आरंभीच्या चित्रफिती मला कंटाळवाण्या वाटल्या. वाक्याचा विषय आणि कर्ता दाखवणाऱ्या ‘वा’ आणि ‘गा’ यांच्यापाशी मात्र गाडी अडली, ती वर्गातल्या वादावादीतच सुटली.

•

आम्हाला ऑनलाइन चर्चेत आठवड्याला दोन प्रतिसाद लिहिल्याबद्दल गुण मिळत, म्हणून सगळेच ‘ओमोशिरोई देसु’, म्हणजे ‘रंजक आहे’, असे लिहून मोकळे होत. याला सहभाग म्हणणे मला तरी पटत नाही. लेखनाऐवजी स्वतःच्या खोलीचे वर्णन ध्वनिमुद्रित करून पाठवायला सांगितले, तेव्हा प्रथमच आम्ही एकमेकांचे ऐकले.

•

जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेत संभाषणाची चाचणी नसते, हे हेरून मी सारा अभ्यास घरीच केला आणि वर्गात मागच्या बाकावर गप्प बसलो. तिची एन४ ही खालून दुसरी पातळी उत्तीर्णही झालो. आता विद्यापीठाची तोंडी परीक्षा समोर आहे आणि मी सेन्सेईंच्या परवानगीने पहिल्या वर्षाच्या वर्गात पुढच्या बाकावर बसतो.