एकाच आतड्यात दोन वेगळ्या गाठी, म्हणजे कॅन्सर पसरलाय का?

खानापूरवाला
नमस्कार मंडळी. बाबांचं (६४) उजवीकडचं मोठं आतडं ऑपरेशन करून काढलं, कोलोनोस्कोपीत सीकमला (मोठ्या आतड्याची सुरुवात) ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर, निघाला होता. आता फायनल रिपोर्ट आलाय त्यात त्याच्या सोबत लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला अजून एक गाठ, १.४ सेंमी, न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर ग्रेड १. घरात सगळे पसरला पसरला म्हणालेत, आई जेवंना झालीय. डॉक्टर सोमवारी भेटणार. काय समजायचं?

लॅबवाली_बेळगाव
पसरलाय असं नाही ओ ते. पसरलेली गाठ मायक्रोस्कोपखाली मूळ गाठीसारखीच दिसते, हितं जातच वेगळी. ॲडेनोकार्सिनोमा आतड्याच्या अस्तरातल्या ग्रंथींची, न्यूरोएंडोक्राइन हार्मोन बनवणाऱ्या पेशींची, तिला पूर्वी कार्सिनॉइड म्हणायचे. दोन्ही एकत्र मिळणं रेअर, पण लहान आतड्यातली ही गाठ बऱ्याचदा अशीच दुसऱ्या कारणानं पोट उघडल्यावर सापडते. केआय-६७ (किती टक्के पेशी वाढतायत त्याचा आकडा) बघा, ग्रेड १ म्हणजे ते ३ टक्क्यांच्या खाली असणार. दोन्हींचं स्टेजिंग वेगळं करतात. लिम्फ नोडचं (आतड्याजवळच्या लसिका ग्रंथींचं) काय लिहिलंय?

खानापूरवाला
१८ पैकी २ पॉझिटिव्ह. कुठल्या गाठीमुळे ते नाही लिहिलेलं.

लॅबवाली_बेळगाव
मग सोमवारी पहिला प्रश्न हाच. ॲडेनोकार्सिनोमाचे असतील तर ती स्टेज ३, केमोचं बोलणं निघणारच. दुसऱ्या गाठीचे असतील तर हिशोबच वेगळा, ती लहान असली तरी नोडमध्ये जाते पण वाढते सावकाश, कदाचित डोटाटेट पेट स्कॅन (अशा न्यूरोएंडोक्राइन गाठी शरीरात कुठं आहेत ते दाखवणारा) सांगतील. क्रोमोग्रॅनिन, सिनॅप्टोफायसिनचे डाग (न्यूरोएंडोक्राइन पेशी ओळखायचे रंग) नोडवर लावले की कळतं कुठली ते.

निपाणीचा_पाव्हणा
आमच्या काकांना मोठ्या आतड्याच्या कॅन्सरबरोबर जिस्ट (आतड्याच्या भिंतीतली गाठ) निघालेला, तो तर तिसराच प्रकार, त्याला इमॅटिनिबची गोळी चालू आहे. मुंबईला टाटाला दाखवणार असाल तर नुसता रिपोर्ट घेऊन जाऊ नका, स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या. आणि महाराष्ट्रानं २०२३ ला सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना (सरकारी मोफत उपचाराची) जाहीर केलीय, तुमचं गाव त्यात आहे का बघा (दाखला कोण देणार ही वेगळी कटकट).

लॅबवाली_बेळगाव
अजून एक, एमएमआर टेस्ट (गाठीच्या पेशींत डीएनए दुरुस्त करणारी प्रथिनं आहेत का ते बघणारी) झाली नसेल तर विचारा, आनुवंशिक प्रकार आहे का त्याचा अंदाज येतो. आणि तुम्ही भावंडांनी चाळिशीला कोलोनोस्कोपी करून घ्या, चाळिशी ओलांडली असेल तर आत्ताच.